मांडवीच्या पात्रातील एक सायंकाळ : पणजीच्या नौकाविहाराविषयी काही जाणण्यासारखे

जबलपूर जिल्ह्यातील पनागरच्या रहिवाशास नौकाविहार म्हटले की प्रथम भेडाघाटच आठवणार. पंचवटी घाटावरून निघणारी वल्ह्यांची होडी, दोन्ही बाजूंस उभे ठाकलेले संगमरवरी कडे, यमके जुळवीत चाललेले नावाड्याचे खुमासदार निवेदन, आणि पौर्णिमेची रात्र असेल तर पाण्यावर उतरलेले चांदणे. या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी पाहुण्यांना भेडाघाट दाखवला नाही, असे सहसा घडत नाही. हीच कुटुंबे निवृत्तीनंतर, मुलांच्या सुट्टीत किंवा बँक कर्मचारी असल्यास एलएफसीच्या निमित्ताने गोव्याकडे वळतात. मग कोणीतरी सुचवतो, ‘एक संध्याकाळ डिनर क्रूझवर घालवा.’ भेडाघाटच्या होडीचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. पणजीची नौका, तेथील पाणी आणि तेथील व्यवहार हे तिन्ही निराळे आहेत. घरातील आजी-आजोबांपासून पाच वर्षांच्या नातवापर्यंत सर्वांना घेऊन जायचे असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच काही गोष्टी ठाऊक असाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे ‘क्रूझ’ हा शब्द पणजीत किमान तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली आहे सुमारे एक तासाची सायंकालीन फेरी. हिच्यात संगीत व नृत्य असते. खाण्याचे पदार्थ विकत मिळतात, परंतु भोजन तिकिटात नसते. दुसरी रात्रीची, साधारण दोन तासांची भोजनासह फेरी. खऱ्या अर्थाने डिनर क्रूझ म्हणावी ती हीच, आणि तिचे तिकीट वेगळे असते. मांडवी पुलाजवळील सांता मोनिका धक्का या फेऱ्यांसाठी अनेक वर्षांपासून प्रसिद्ध आहे. गोवा पर्यटन विकास महामंडळाचे नाव या धक्क्याशी जोडलेले असले, तरी खाजगी नौकाही येथून सुटतात. तिसरी गोष्ट म्हणजे नदीत नांगरून ठेवलेल्या कॅसिनो-नौका. कुटुंबवत्सल पर्यटकाची फसगत होते ती बहुधा या तिसऱ्या प्रकारात.

कॅसिनोच्या प्रवेशशुल्कात अनेकदा भोजन, पेये आणि रंगमंचावरील कार्यक्रम समाविष्ट असतात. त्यामुळे तिची जाहिरात वाचताना ती डिनर क्रूझच वाटते. प्रत्यक्षात ही नौका विहारास निघत नाही, ती एका जागी उभी असते. धक्क्यावरून छोट्या बोटीने पाहुण्यांना तेथे पोहोचवले जाते. गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन अशा नौकांना वाव मिळाला आणि पुढे त्यांची संख्या वाढत गेली. २१ वर्षांखालील व्यक्तीस तेथील जुगाराच्या दालनात प्रवेश नसतो. म्हणजे नातवंडांसह गेलेल्या कुटुंबाने मोठी रक्कम भरावी आणि निम्म्या मंडळींना आत जाताच येऊ नये, असा प्रसंग ओढवू शकतो. यात जाहिरातदाराचा दोष कितपत आणि वाचणाऱ्याच्या घाईचा कितपत, हा वादाचा विषय आहे. मात्र पैसे देण्यापूर्वी तीन साधे प्रश्न विचारले की उलगडा होतो. नौका चालते की उभी असते? किती वेळ चालते? जेवण तिकिटात आहे का?

पैशांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. धक्क्याच्या आसपास, बसस्थानकावर व हॉटेलांच्या दारात दलाल मंडळी भेटतात. त्यांच्याकडील तिकीट खोटेच असते असे नाही, परंतु ते नेमक्या कोणत्या नौकेचे आहे हे अनेकदा धक्क्यावर पोहोचल्यावरच कळते. खिडकीवर जाऊन तिकीट घेणे सर्वांत बरे. घरबसल्या आरक्षण करायचे असल्यास शोधयंत्रात प्रथम दिसणाऱ्या दूरध्वनी क्रमांकावर विसंबू नये. सवलतीच्या आमिषाने कोणी मोबाइलवर दुवा पाठवून पिन किंवा ओटीपी मागत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो केवळ पैसे देण्यासाठी असतो, हे आमच्या ग्राहकांना शाखेत वारंवार सांगितले जाते. प्रवासाच्या उत्साहात नेमके तेच विस्मरणात जाते. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे. येथे पहिले काही तास फार मोलाचे असतात.

आता वेळेविषयी. पनागर आणि पणजी यांच्या रेखांशांत सुमारे सहा अंशांचे अंतर आहे. शिवाय पणजी पुष्कळ दक्षिणेस असल्याने हिवाळ्यात तेथील दिवस आपल्याकडच्यापेक्षा मोठा असतो. परिणामी डिसेंबरच्या मध्यास पनागरला सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, तर पणजीत सहा वाजून गेल्यावर. फरक जवळजवळ ४० मिनिटांचा. मेअखेर मात्र हे अंतर दहा-बारा मिनिटांवर येते आणि पणजीचा सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. ज्यांना नदीवरून सूर्यास्त पाहायचा आहे त्यांनी हा हिशेब ध्यानी घ्यावा. डिसेंबरात सहाच्या फेरीला सूर्यास्त जेमतेम सापडतो. सातनंतरच्या फेरीत काळोख आणि दिवे. मे महिन्यात हेच गणित तासाभराने पुढे सरकते. पणजी शहरास रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेने येणाऱ्यास करमळी, थिवी किंवा मडगावला उतरून पुढे रस्त्याने यावे लागते. जबलपूरहून मुंबईमार्गे येणाऱ्यांनी पोहोचण्याच्या दिवसाचेच आरक्षण करू नये, हे सांगणे न लगे.

धक्क्यावर नौकेत पाऊल ठेवताना नर्मदातीरावरच्या माणसाला एक गोष्ट नवखी वाटेल. मांडवीचे पाणी पणजीजवळ समुद्राच्या भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा वर-खाली होते. मोठ्या भरतीच्या दिवसांत हा चढउतार सुमारे दोन मीटरांचा असतो. त्यामुळे दुपारी धक्क्याच्या पातळीत दिसलेली नौका रात्री उतरताना बरीच खाली गेलेली असू शकते आणि मधली फळी उताराची होते. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी घाई न करता गर्दी ओसरल्यावर चढावे-उतरावे, आणि नौकेवरील कर्मचाऱ्याने पुढे केलेला हात संकोच न करता धरावा. अशा वेळी चपलांपेक्षा मागे पट्टा असलेली पादत्राणे बरी.

नौका सुटली की ती नदीमुखाच्या दिशेने निघते. मागे तीन पूल राहतात. त्यांतील पहिल्या पुलाची हकिगत गोमंतकीय अद्याप विसरलेले नाहीत. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील तेव्हाचा एकमेव पूल कोसळला आणि राजधानीचा उत्तर गोव्याशी असलेला थेट रस्ता एका दिवसात तुटला. नवा पूल होईपर्यंत पणजी-बेती दरम्यानच्या फेरीबोटींनीच माणसांची व वाहनांची ने-आण केली. सर्वांत अलीकडचा, रात्री दिव्यांनी उजळणारा केबलचा अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. डाव्या हातास पणजीचा काठ येतो : आदिलशहाचा जुना वाडा, ज्यात पोर्तुगीज काळापासून शासकीय कचेऱ्या नांदल्या, बंदर कप्तानाचे कार्यालय, पुढे कांपालची झाडी व वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी. उजव्या तीरावर रेइश मागुशचा किल्ला. आणखी पुढे, जेथे नदी समुद्रास मिळते तेथे आग्वाद आणि काबो अशी दोन टोके समोरासमोर उभी आहेत. आग्वादचा किल्ला १६१२ मध्ये पुरा झाला. डच आरमाराची धास्ती हे त्यामागील एक कारण होते. निवेदकाच्या ध्वनिवर्धकावर यातील फारच थोडे ऐकू येते. तेथे संगीताचे राज्य असते. तेव्हा घरूनच थोडे वाचून जावे.

नौका सहसा खुल्या समुद्रात जात नाही, मुखाच्या अलीकडूनच वळते. त्यास कारण आहे. मुखाशी वाळूचा दांडा असून पावसाळ्यात त्यावर लाटा फुटतात. जुलै २०१७ मध्ये मांडवीत आणली जात असलेली एक कॅसिनो-नौका मिरामारजवळ याच वाळूत रुतून बसली होती. आतल्या पात्रात मात्र पाणी शांत असते. मळमळ होण्याची भीती बाळगणाऱ्यांनी निश्चिंत असावे. फार तर मधल्या भागात बसावे, कारण तेथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो.

कार्यक्रमात देखणी, फुगडी, कुणबी नृत्य आणि पोर्तुगीज वळणाचे कोरिदिन्यु यांची झलक असते. मधूनच हिंदी चित्रपटगीतांवर प्रेक्षकांनाही मंचावर बोलावले जाते. लोककलेचा अस्सल आविष्कार पाहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याची थोडी निराशा होईल. ध्वनिवर्धकाजवळची जागा ज्येष्ठांनी टाळावी. भोजनासह फेरी असेल तर जेवण बुफे पद्धतीचे असते. मासळी, शाकुती यांबरोबर शाकाहारी पदार्थ असतातच, परंतु कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी अथवा पथ्य सांभाळणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. मधुमेही व्यक्तीने जेवणाच्या घोषणेवर विसंबून उपाशी राहू नये. फेरी उशिरा सुटणे ही नित्याची बाब आहे.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा एक विषय उरतो, आणि पर्यटन-पत्रके नेमकी त्याविषयीच मौन पाळतात. दुमजली प्रवासी नौका पाण्यावर स्थिर राहते ती तिचा भार खाली आणि दोन्ही बाजूंस सारखा असतो म्हणून. माणसे वरच्या मजल्यावर दाटली की भारमध्य वर सरकतो आणि ती सारी एकाच कठड्याकडे धावली की नौका त्या बाजूस कलते. मर्यादेत प्रवासी असतील तर योग्य बांधणीची नौका तो कल सहज सावरते. मर्यादा ओलांडली असेल तर सावरत नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातील तेक्कडीच्या जलाशयात दुमजली पर्यटक नौका उलटून ४५ जण दगावले. काठावरील वन्य प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका अंगास गोळा झाल्याचे तेव्हा सांगितले गेले. ७ मे २०२३ रोजी त्याच राज्यात तानूर येथे सूर्यास्तानंतर निघालेली पर्यटक नौका बुडून २२ जणांचा अंत झाला. त्यांत मुले बरीच होती आणि नौकेत क्षमतेहून अधिक माणसे होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी नौकेस नौदलाची वेगवान बोट धडकली व दहाहून अधिक लोक प्राणास मुकले. त्यानंतर गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे करण्यात आले.

या घटना मांडवीतील नाहीत, आणि त्या सांगण्यामागे कोणास घाबरवण्याचा हेतू नाही. अंतर्देशीय नौकांसाठीच्या १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा आता २०२१ च्या कायद्याने घेतली आहे. त्यानुसार नौकेची नोंदणी, तपासणी आणि प्रवासीसंख्या ठरवून घेणे आवश्यक आहे. प्रवाशाने करावयाचे ते एवढेच : नौकेवर रंगवलेली किंवा फलकावर लावलेली प्रवासीसंख्या पाहावी आणि माणसे डोळ्यांदेखत त्याहून अधिक भरली जात असतील तर उतरून यावे. तिकिटाचे काही शे रुपये बुडाले तरी चालतील. लाइफ जॅकेट कोठे ठेवले आहेत आणि लहान मुलांच्या मापाचे आहेत का, हे बसताच विचारावे. आधी न पाहिलेली वस्तू अंधारात सापडत नाही. फटाक्यांची आतषबाजी किंवा शेजारून जाणारी रोषणाईची नौका पाहण्यासाठी सारे एका बाजूस धावतील, तेव्हा आपण आपल्या जागी बसून राहावे. मुलांना त्या वेळी एक खेळ देता येतो. काळोखात समोरून येणाऱ्या नौकेचे दिवे ओळखायचे. प्रत्येक नौकेच्या डाव्या अंगास तांबडा आणि उजव्या अंगास हिरवा दिवा असतो. दोन्ही एकदम दिसले तर ती नौका थेट आपल्याकडे येत आहे. फक्त तांबडा दिसला तर तिचे डावे अंग आपल्याकडे आहे. दहा मिनिटांत मुले यात तरबेज होतात आणि कठड्यावर चढायचे विसरतात.

ज्यांना हा सारा खर्च व गोंगाट नकोसा वाटेल, त्यांच्यासाठी पणजीच्या धक्क्यावरून पलीकडे बेतीला जाणारी फेरीबोट आहे. नोकरदार, मासळीवाल्या बाया, शाळकरी मुले आणि दुचाकीस्वार तिच्यातून रोज ये-जा करतात. पायी जाणाऱ्यास तिकीट पडत नाही. सूर्य आग्वादच्या बाजूस कलला असताना तिच्या कठड्याशी उभे राहिले, की तीच नदी, तेच पूल आणि तोच किल्ला काही मिनिटे दिसतो. पलीकडे उतरून चहा घ्यावा आणि पुढच्या बोटीने परत यावे.