प्रौढांच्या व्हिडिओ-खेळांतील सपाट चित्र आणि घनाकृति

घरांतील तरुण मुलगा संगणकावर खेळ मांडून बसला, म्हणजे मागून जाणारीं वडीलधारीं माणसें क्षणभर पडद्याकडे पाहतात आणि तेवढ्यावरच आपलें मत बनवितात. पडद्यावर व्यंगचित्रासारखीं सपाट चित्रें हलत असलीं, तर तो पोरखेळ ठरतो. हुबेहूब माणसें चालतां-बोलतांना दिसलीं, तर तो मोठ्यांचा, आणि बहुधा अनिष्ट, खेळ ठरतो. हा निकष सोयीचा आहे, परंतु खरा नाहीं. मृत्यु, गुन्हा, क्रौर्य, शृंगार, मनाची टोंचणी अशा प्रौढ मनालाच पेलणाऱ्या विषयांवरचे खेळ दोन्ही पद्धतींनीं रचले गेले आहेत. कोणत्या विषयाला कोणती पद्धति शोभते, हें समजण्यासाठीं प्रथम त्या दोहोंची घडण पाहिली पाहिजे.

द्विमितीय, म्हणजे सपाट, पद्धतींत चित्रकार प्रत्येक अवस्था स्वतः रेखाटतो. माणूस चालतांना दाखवावयाचा असेल, तर पाऊल उचललेलें, पुढें टाकलेलें, टेकलेलें, अशीं निरनिराळीं चित्रें काढून तीं भराभर एकामागून एक दाखवितात. त्या माणसाची पाठ चित्रकारानें काढली नसेल, तर ती कोणालाहि दिसणार नाहीं. त्रिमितीय, म्हणजे घन, पद्धतींत लहान लहान त्रिकोण जोडून शरीराचें कवच बनवितात, आंत सांध्यांसह सांगाडा बसवितात आणि वर त्वचेचें व वस्त्रांचें चित्र गुंडाळतात. मग प्रकाश कोठून येतो व पाहणारा कोठें उभा आहे, याचें गणित यंत्र सेकंदाला ३० किंवा ६० वेळां करतें, आणि प्रत्येक वेळीं नवें चित्र पडद्यावर उमटतें. भिंतीवरची तसबीर व चौकांतला पुतळा यांत जो भेद, तोच येथें आहे. तसबिरींत पाहण्याची जागा चित्रकार ठरवितो; पुतळ्याभोंवतीं ती पाहणारा स्वतः निवडतो. या दोन पद्धतींचा सारा प्रश्न या एका गोष्टीभोंवतीं फिरतो.

हुबेहूबपणा आणि घनता या दोन गोष्टी एक नव्हेत, हें या खेळांच्या इतिहासांतहि दिसतें. अमेरिकेंत १९९२ सालीं ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नांवाचा द्वंद्वयुद्धाचा खेळ आला. त्यांतील योद्धे खऱ्या नटांच्या चित्रीकरणावरून घेतलेले, पण सपाटच होते. तरीहि त्यांतील रक्तपातानें मोठी खळबळ उडाली. डिसेंबर १९९३ मध्यें अमेरिकन सिनेटच्या समितीपुढें अशा खेळांविषयीं सुनावणी झाली, आणि १९९४ सालीं खेळांची वयानुसार प्रतवारी करणारें मंडळ त्या धंद्यांतील लोकांनींच स्थापन केलें. १९९३ च्या ‘डूम’ या खेळांत चालत जातां येईल अशीं दालनें होतीं. पण त्यांत वावरणारे राक्षस सपाट होते. त्यांतील कांहींचे मातीचे नमुने घडवून सर्व बाजूंनीं त्यांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं, आणि खेळाडू ज्या बाजूस असेल त्या बाजूचें चित्र यंत्र पुढें करीत असे.

१९९६ सालच्या ‘रेझिडेंट ईव्हिल’ या जपानी भयकथेंत याच्या उलट योजना होती. तेथें माणसें घन, परंतु खोल्या म्हणजे आधींच तयार करून ठेवलेलीं सपाट चित्रें. त्यामुळें कॅमेऱ्याच्या जागा ठरलेल्या. कोपऱ्यापलीकडे कोणी उभें असलें तरी तें दिसत नाहीं, केवळ त्याची चाहूल ऐकूं येते. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’ या खेळांत सगळें गांवच घन पद्धतीचें होतें. दूरवरचा देखावा एकाच वेळीं रंगविण्याची त्या काळच्या यंत्राची ताकद नव्हती, म्हणून तो धुक्यानें झांकला, आणि तें धुकेंच पुढें त्या खेळाच्या भीतीचें मुख्य साधन ठरलें. दोन्हीकडे भीति उपजली ती न दिसणाऱ्या भागांतून.

एकाच कलावंतानें दोन्ही पद्धति हाताळल्या असतील, तर तुलना अधिक स्पष्ट होते. लुकास पोप यांचे दोन खेळ या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. पहिला ‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३ सालचा. काळ १९८२ चा. स्थळ एका काल्पनिक हुकूमशाही राष्ट्राची सरहद्द. खेळाडू तेथील तपासनीस असतो. जितके प्रवासी तपासावे तितका पगार, चुकल्यास दंड, आणि घरीं अन्न, ऊब व औषधें यांची वाट पाहणारें कुटुंब. पडद्यावर मळकट रंगांचें सपाट मेज, शिक्के, कागदपत्रें आणि खिडकींतील एक ओबडधोबड चेहरा एवढेंच दिसतें. बाहेरची रांग म्हणजे मुंग्यांएवढ्या काळ्या आकृति. संशयिताचा झडती-यंत्रानें देह तपासला, तर तो विवस्त्र दिसतो. ती विवस्त्रता झांकून ठेवण्याची सोयहि खेळांत आहे. त्या चित्रांत सौंदर्य नाहीं व मोहहि नाहीं. सरकारी यंत्रापुढें उभ्या राहिलेल्या माणसाची लाचारी तेवढी आहे. ज्या अधिकाऱ्याला माणूस केवळ कागदाएवढा दिसतो, त्याच्या नजरेचें चित्र सपाटच असावयास हवें. त्याला उठून खिडकीबाहेर जातां आलें असतें, तर खेळाचा गाभाच नाहींसा झाला असता.

दुसरा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा २०१८ सालचा. ईस्ट इंडिया कंपनीचें एक काल्पनिक जहाज १८०२ सालीं लंडनहून निघतें व बेपत्ता होतें. १८०७ सालीं तें इंग्लंडच्या फालमथ बंदराशीं परत येतें, पण त्यावर जिवंत कोणीच नसतें. जहाजावरील ६० माणसांचें काय झालें, याचा शोध कंपनीच्या तपासनिसानें घ्यावयाचा. त्या माणसांत हिंदुस्थानी खलाशीहि आहेत. तपासनिसाजवळच्या घड्याळामुळें प्रत्येकाच्या मृत्यूचा क्षण गोठलेल्या देखाव्यासारखा पुढें उभा राहतो, आणि त्यांतून त्याला फिरतां येतें. गोळी कोणी झाडली, दाराआड कोण दडलें होतें, झोळीवर कोणता आंकडा होता, हें चालत जाऊन, वाकून, वळून पाहिल्यावांचून कळत नाहीं. येथें पुरावाच जागेंत पसरलेला असल्यामुळें घनाकृति अपरिहार्य आहे. तरीहि पोप यांनीं हुबेहूबपणा मुद्दाम टाकून दिला. जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्याप्रमाणें सारा देखावा दोनच छटांच्या ठिपक्यांनीं रंगविला, आणि पाहणारा फिरतांना ते ठिपके लुकलुकूं नयेत म्हणून पुष्कळ परिश्रम घेतले. मृत्यूचीं इतकीं भीषण दृश्यें खोदचित्रासारखीं संयत झालीं, तीं यामुळेंच.

शृंगारिक विषयांतहि हाच भेद दिसतो, आणि तेथें तो अधिक नाजूक होतो. जपानांत १९८० नंतरच्या दशकांत घरगुती संगणकांवर असे प्रौढांचे खेळ निघूं लागले, आणि पुढें त्यांत स्थिर चित्र व त्याबरोबर मजकूर ही मांडणी रूढ झाली. ते सचित्र कादंबरीसारखे वाचले जातात. काय दाखवावें व कोठें थांबावें, हें चित्रकारानें ठरविलेलें असतें आणि त्याचा दोष वा श्रेय त्याच्याकडे जातें. मागाहून घनाकृतींचे खेळ आले. त्यांत नजर कोठें न्यावी हें बहुतांशीं पाहणाऱ्याच्या हातीं गेलें. जितकें हें स्वातंत्र्य मोठें, तितकी त्याची जबाबदारीहि मोठी.

खर्चाचा विचारहि निवडीमागें असतो. सपाट पद्धतींत नवा पोशाख म्हणजे पुन्हां सगळीं चित्रें. घन पद्धतींत एकदां घडविलेला देह वारंवार कामीं येतो. पण आरंभीच्या घनाकृति आज बोजड वाटतात, आणि त्याच काळांतील चांगलें रेखाचित्र अजून टवटवीत दिसतें. २०१४ सालच्या ‘गिल्टी गिअर झर्ड’ या जपानी खेळांत तर घन देह घडवून ते हातानें रेखाटलेले भासावेत म्हणून हालचालींतील मधल्या अवस्था मुद्दाम गाळल्या आहेत.

यावरून घरांतील वडीलधाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, चित्राच्या बाह्य रूपावरून खेळाचें वय ठरत नाहीं. प्रतवारी करणारीं मंडळें विषय व प्रसंग पाहतात, मिति मोजीत नाहींत; अमेरिकन मंडळाची ‘एम’ ही खूण १७ वर्षांवरील आणि ‘एओ’ ही खूण १८ वर्षांवरील खेळाडूंसाठीं असते. ती खूण आधीं वाचावी, आणि नंतर घटकाभर मुलाशेजारीं बसून खेळ त्याला काय पाहावयास लावतो आणि काय निवडावयास लावतो, तें पाहावें. ‘पेपर्स, प्लीज’मधले ओबडधोबड चेहरे पाहून तो खेळ आठ वर्षांच्या मुलाच्या हातीं देणारा गृहस्थ चित्र पाहून फसलेला असतो, सरहद्दीवरच्या त्या खिडकींत बसून कोणाला आंत घ्यावें व कोणाला परत धाडावें, हें ठरविण्याचें ओझें प्रौढालाहि जड जाणारें आहे.