आधी सातबारा, मग टोकन

ठाण्याहून बाळकुम सोडून कशेळीचा पूल ओलांडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलक सुरू होतात. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा. गाव बदलते, मजकूर तोच: मेट्रोजवळ, समृद्धीजवळ, इतक्या लाखांत वन बीएचके, बँकेचे कर्ज मिळेल. रस्त्यात मेट्रोचे खांब उभे दिसत असल्याने फलकावर विश्वासही बसतो. मुंबई-ठाण्यात दहा-पंधरा लाख शिल्लक असलेल्या माणसाला कुठला बिल्डर दारात उभा करत नाही. भिवंडीत मात्र त्याला खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि संध्याकाळपर्यंत टोकन द्यायचा आग्रहही होतो.

असा माणूस म्हणजे नोकरीतून निवृत्त झालेला, मुलीच्या लग्नातून उरलेले थोडे पैसे बाळगणारा, किंवा पहिली बढती मिळालेला तिशीतला तरुण. ‘एखादी खोली घेऊन भाड्याने लावू’ हा त्याचा विचार अजिबात चुकीचा नाही. भिवंडीत भाडेकरूंचा तुटवडा कधीच नव्हता. आधी यंत्रमागांनी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून कामगार आणले. पुढे मुंबई महापालिकेची जकात वाचवण्यासाठी व्यापारी वेशीबाहेर माल उतरवू लागले आणि नाशिक महामार्गाकडच्या भातशेतांवर गोदामे उभी राहिली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत. उलट राज्याराज्यांतली छोटी कोठारे मोडून एकच मोठे कोठार बांधणे कंपन्यांना परवडू लागले. मानकोली, दापोडे, वळ, सोनाळे या गावांत आज हमाल, पॅकिंगवाले, टेम्पोचालक, सुपरवायझर अशा सगळ्यांना रात्री पाठ टेकायला जागा हवी आहे.

म्हणजे मागणी खरी आहे. ती भागवायला जे विकले जाते, ते नेमके काय आहे हे मात्र तपासावे लागते.

आधी हिशेब. समजा 25 लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दलाली धरून तो साधारण 27 लाखांना पडला. भाडे महिना साडेसात हजार धरू. वर्षात एखादा महिना जागा रिकामी राहतेच, म्हणून अकरा महिन्यांचे 82,500 रुपये. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च 12 हजार, घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्ती आठ हजार वजा केली की हातात 62,500 उरतात. 27 लाखांवर हे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास झाले. आता याच फ्लॅटसाठी 20 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढले, तर हप्ता 17,350 च्या घरात जातो. पूर्ण भाडे आले तरी दरमहा जवळपास दहा हजार रुपये खिशातून घालावे लागतील. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला, पण ही बेरीज कागदावर केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘हप्ता भाड्यातून सुटेल’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. कर्ज मोठे असेल तर ते बहुधा खरे ठरत नाही.

मग लोक घेतात कशाला? भाव चढेल म्हणून. इथे मेट्रोची गोष्ट सांगायला हवी. ठाणे-भिवंडी-कल्याण ही पाचव्या क्रमांकाची मार्गिका 24.9 किलोमीटरची, 17 स्थानकांची. तिचे भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 ला कल्याणमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. 2025 उजाडले तेव्हा तिच्यावर एकही प्रवासी गाडी धावत नव्हती, आणि धामणकर नाक्यापुढचा काही भाग जमिनीखालून न्यायचा म्हणून आखणीच बदलावी लागली होती. 2018 मध्ये ‘तीन वर्षांत मेट्रो’ या भरवशावर कर्ज काढणाऱ्याने तोवर सहा वर्षांचे हप्ते भरले होते. समृद्धी महामार्ग मात्र आला. इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, आणि हे आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. म्हणून माझे मत असे, की प्रकल्प येतात, पण आपल्या हप्त्यांच्या वेळापत्रकाने येत नाहीत. आज येणाऱ्या भाड्यावर व्यवहार पेलत असेल तर घ्यावा, उद्याच्या स्थानकावर नाही.

आमणे-पडघ्याकडे गेलात की फ्लॅटऐवजी प्लॉट समोर येतो. दोन गुंठे, तीन गुंठे, चुन्याने आखलेले चौकोन. इथेच सगळ्यात जास्त माणसे फसतात. शेतजमीन विकत घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, हा कुळकायद्याच्या कलम 63 चा नियम आहे. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडायला 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने बंदी घातली. 2023 मध्ये हे क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ठरवले गेले. विकास आराखड्यातल्या भागांसाठी सरकारने या कायद्यात सवलती दिल्या असल्या, तरी आपला गट क्रमांक त्यांत बसतो का, हे दलालाकडून नव्हे, तहसील कार्यालयातूनच कळते. अशा तुकड्याचे खरेदीखत होत नाही, तेव्हा साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ‘ताबा’ दिला जातो. त्या कागदाने मालकी येत नाही.

सातबारा काढायला आज घराबाहेरही पडावे लागत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा सरकारी संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. तो काढा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा. विकणाऱ्याचे नाव वर असते, खरी हकिगत या रकान्यात असते: बँकेचा बोजा, बहिणींचा हक्क, कुळाची नोंद, कुळकायद्याच्या ‘कलम 43 ला अधीन’ हा शेरा. भोगवटादार वर्ग 2 लिहिले असेल तर परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित होत नाही. भिवंडी तालुक्यात वारली, कातकरी अशा आदिवासी कुटुंबांच्या जमिनी पुष्कळ आहेत. त्या बिगरआदिवासीने घ्यायच्या तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती सरकारच्या मान्यतेशिवाय मिळत नाही. अशी जमीन कुलमुखत्यारपत्रावर ‘मॅनेज करून देतो’ म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून उठून यावे. त्यात पैसे बुडतात हा एक भाग झाला. ज्याची एकमेव जमीन गेली, त्याचे काय होते, हेही घेणाऱ्याने मनात आणावे.

फ्लॅटच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच: परवानगी कोणी दिली? शहरात ती भिवंडी-निजामपूर महापालिका देते. भोवतालच्या अधिसूचित गावांसाठी 2007 पासून एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, हे नियोजन प्राधिकरण आहे. तिथे ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. घरपट्टीची पावती, वीजबिल, इतकेच काय, नोंदणीकृत दस्त असला तरी इमारत अधिकृत ठरत नाही. महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, क्रमांक जरूर पाहावा, पण तिथेही थांबू नये. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. रांगेत उभे राहून, हप्ते भरून घर घेतलेली कुटुंबे त्यांत राहत होती. म्हणून मंजुरीच्या कागदाचा क्रमांक घेऊन नियोजन प्राधिकरणाच्या कार्यालयात स्वतः जा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही, आणि मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतली तर घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. रोखीने दिलेल्या पैशाचा दस्तात उल्लेखच नसतो, त्यामुळे सौदा फिसकटला की तो परत मागायला आधार उरत नाही.

भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचे आहे, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तोंडी ठरलेल्या अटींवर वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल तेच खरे धरले जाते.

आता जे सांगायचे ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. 29 एप्रिल 2023 ला दुपारी वळ गावात वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळली. खाली गोदाम होते, वर कामगारांची कुटुंबे भाड्याने राहत होती. आठ माणसे गेली. त्याआधी 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या लोकांवर पडली. तिथे चाळीसच्या आसपास बळी गेले. 2016 मध्ये गैबीनगरला हेच झाले होते. या शहरात ‘स्वस्त खोली, हमखास भाडे’ असा जो माल विकला जातो, त्यातला बराचसा असल्याच इमारतींत आहे: खाली माल किंवा माग, वर खोल्या, मागच्या भिंतीला ओल, गच्चीवर नंतर चढवलेला मजला. यंत्रमागाची थरथर दिवसरात्र सोसणाऱ्या खांबांचे आयुष्य कागदावर लिहिलेले नसते. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तो अहवाल मागा, आणि इमारत ‘सी-1’ म्हणजे अतिधोकादायक यादीत आहे का, हे प्रभाग कार्यालयात विचारा. अहवाल नसेल तर स्वतः पैसे देऊन अभियंता न्या. कमी भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस ही चौकशी करू शकत नाही. त्याच्याकडून डिपॉझिट घेणारा करू शकतो, म्हणून ती त्यानेच करायची.

एवढे सगळे करायला वेळ नसेल, तर जमिनीच्या फंदात न पडता शेअर बाजारातल्या सूचिबद्ध रीटचे, म्हणजे भाड्याच्या मालमत्ता बाळगणाऱ्या ट्रस्टचे, युनिट घेऊन भाड्याच्या उत्पन्नात वाटा मिळवता येतो. त्याला काही शे रुपयेही पुरतात आणि विकायला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. ज्यांना वीट-सिमेंटचेच काही हवे, त्यांनी कर्ज कमीत कमी ठेवून, अधिकृत इमारतीतली एक लहान जागा घ्यावी आणि दुसरीचा विचार दोन वर्षे भाडे हातात पडल्यावर करावा.

आणि टोकन देण्याआधी एकदा दलालाला न सांगता, माग चालू असतील अशा कामाच्या दिवशी त्या इमारतीत जा. जिन्याने वर जाण्याआधी खालच्या गोदामात शिरा, खांबांना हात लावा, वरच्या मजल्यावरच्या बायकांना विचारा की पावसाळ्यात पाणी कुठून येते. त्या खरे सांगतात.