सिंह रसेलचा, छावणी हिंगोलीची

बिल्ल्यावरचा इतिहास : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात आपण मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बिगूल पाहिले. आज ज्या रेजिमेंटकडे वळायचे आहे तिचे केंद्र उत्तराखंडात, राणीखेतला आहे. तिचे जवान मुख्यतः कुमाऊँच्या डोंगरांतले आणि उत्तरेकडचे अहीर. अशा कुमाऊँ रेजिमेंटचा परभणी जिल्ह्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. या रेजिमेंटच्या सर्वांत जुन्या पलटणी ज्या फौजेतून निघाल्या, त्या फौजेचे एक महत्त्वाचे ठाणे हिंगोलीला होते. आणि १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्याचाच भाग होती.

त्या फौजेचे नाव हैदराबाद कंटिन्जंट. आजही हिंगोलीत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे रोज उच्चारली जातात. पायदळ, घोडदळ, तोफा, निवृत्त शिपायांची घरे आणि छावणीची बाजारपेठ असा एका लष्करी ठाण्याचा अख्खा आराखडा या पाच नावांत शाबूत आहे. तिथे राहिलेल्या पायदळाचे पुढे काय झाले, हे पाहायचे तर कुमाऊँ रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यापासून सुरुवात करू.

बिल्ला काय सांगतो

बिल्ल्यावर सिंह आहे. तो पूर्ण नाही. कमरेपासून वरचाच आहे, पंजे पुढे उगारून उभा आहे आणि त्या पंजांत क्रूस धरलेला आहे. युरोपात सरदार-उमरावांच्या घराण्यांची कुलचिन्हे ठरवण्याचे एक शास्त्र आहे. त्यात ढालीवर एक चित्र असते आणि ढालीवरच्या शिरस्त्राणावर दुसरे, शिरोभागाचे चित्र असते. मागच्या पायांवर उभा राहून झडप घालणारा सिंह या शास्त्रात फार आवडता. शिरोभागासाठी त्याचा वरचा अर्धा भागच घेण्याची रीत आहे. कुमाऊँच्या बिल्ल्यावरचा सिंह या जातीचा आहे. तो हिमालयातला नाही आणि दख्खनमधलाही नाही. तो इंग्लंडमधल्या रसेल घराण्याच्या कुलचिन्हातून आला.

हेन्री रसेल १८११ ते १८२० या काळात हैदराबादच्या दरबारात कंपनी सरकारचा रेसिडेंट होता. निजाम सिकंदरजाह गादीवर होता आणि कारभाराच्या दोऱ्या राजा चंदूलाल यांच्या हाती होत्या. निजामाची फौज कवायती शिस्तीत आणायची, तिच्यावर इंग्रज अधिकारी नेमायचे आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून द्यायचा, असा रसेलचा बेत होता. त्यानुसार १८१३ मध्ये दोन पायदळ पलटणी उभ्या राहिल्या आणि त्यांना रेसिडेंटचेच नाव मिळाले : रसेल ब्रिगेड. वऱ्हाडातल्या पलटणी आणि एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, नवाब सलाबतखानाची ब्रिगेड याच व्यवस्थेत आल्या आणि त्यातूनच कंटिन्जंट घडली. रेजिमेंटची परंपरा आपला उगम १७८८ पर्यंत मागे नेते, तो या सलाबतखानाच्या फौजेमुळे.

येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे, कारण हैदराबाद संस्थानाच्या लष्कराविषयी बोलताना तो नेहमी निसटतो. तेव्हा संस्थानात तीन प्रकारच्या फौजा होत्या. सिकंदराबादची तैनाती फौज ही कंपनीची. निजामाची स्वतःची जुनी फौज वेगळी. तिच्यात अरब, रोहिले आणि जहागीरदारांचे लोक होते. कंटिन्जंट या दोहोंच्या मधली : नावाने निजामाची, हुकमाने रेसिडेंटची. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्यासमोर उभी राहिलेली संस्थानी फौज आणि ही कंटिन्जंट यांची गल्लत करू नये. तोवर कंटिन्जंटच्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन होऊन पंचेचाळीस वर्षे झाली होती.

पगार कोणाच्या शेतातून

या फौजेचा खर्च निजामाच्या खजिन्याला झेपेना. पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीकडून भारी व्याजाने कर्जे काढली गेली आणि थकबाकी साचत गेली. अखेर १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या काळात नवा करार झाला. फौजेच्या पगाराची तजवीज म्हणून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआबाचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र परतले नाही आणि १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले.

आपल्या भागाच्या इतिहासात हा करार जेवढा बोलला जायला हवा तेवढा बोलला जात नाही. वऱ्हाडचा कापूसवाला शेतकरी आणि धाराशिवचा जिरायती कुणबी यांनी भरलेल्या साऱ्यावर हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आताचे अंबाजोगाई, एलिचपूर आणि बोलारम इथल्या छावण्या चालत होत्या. विदर्भ आणि मराठवाडा यांच्यात पुढे शंभर वर्षे टिकलेली सरकारी सीमा मुळात एका फौजेच्या पगारासाठी आखली गेली. रेजिमेंटचा इतिहास लढायांच्या यादीने सांगण्याची पद्धत आहे; पण त्या लढायांचा खर्च कोणी सोसला, ही ओळही त्या यादीखाली लिहिली पाहिजे.

नोव्ह्याची गढी

निशाणावर लढायांची नावे कोरण्याचा मान पलटणीला मिळतो. सैन्यात त्याला 'बॅटल ऑनर' म्हणतात, मराठीत आपण रणसन्मान म्हणू. कुमाऊँ रेजिमेंटला वारशाने मिळालेल्या रणसन्मानांतले सुरुवातीचे चार असे : नागपूर, महिदपूर, नोव्हा, मध्य हिंदुस्थान. नीट पाहिले तर ही सगळी आपल्याच माणसांविरुद्धची नावे आहेत. नागपूर म्हणजे १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांविरुद्धची लढाई. महिदपूर म्हणजे २१ डिसेंबर १८१७ चा होळकरांचा पराभव. मध्य हिंदुस्थान म्हणजे १८५७-५८ ची मोहीम. इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या सैन्यात कंटिन्जंटच्या तुकड्या झाशी, काल्पी, ग्वाल्हेर या वाटेने गेल्या आणि समोर राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे होते.

यांतले नोव्हा आपल्या सर्वांत जवळचे आणि सर्वांत विसरलेले. पेशवाई बुडाल्यावर नांदेड-हिंगोलीच्या डोंगराळ पट्ट्यात हटकर नाईकांनी इंग्रजांना आणि निजामाला जुमानायचे नाकारले. त्यांचा पुढारी नोवसाजी नाईक. नोव्ह्याच्या त्याच्या किल्ल्यात अरब शिबंदी होती. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखाली कंटिन्जंटच्या फौजेने त्याला वेढा घातला. मोर्चे बांधले, तोफा लावल्या आणि ३१ जानेवारीला हल्ला चढवून ठाणे घेतले. आतली बहुतेक शिबंदी मारली गेली. रसेलच्या दोन्ही पलटणींच्या नावावर 'नोव्हा' चढले. पानिपत, खर्डा, खडकी आपल्याला पाठ असतात. आपल्याच परिसरातला हा वेढा मात्र पाठ्यपुस्तकाच्या एकाही ओळीत वाचल्याचे मला स्मरत नाही.

नावे बदलत गेली

१९०३ मध्ये लॉर्ड किचनेरने हिंदी सैन्याची नवी मांडणी केली. कंटिन्जंट ही वेगळी फौज संपली आणि हिंगोलीची छावणीही मोडली. कंटिन्जंटच्या सहा पायदळ रेजिमेंटना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले. ९४ आणि ९५ या रसेल इन्फन्ट्री झाल्या, ९६ वी बेरार इन्फन्ट्री, ९७ वी आणि ९९ वी डेक्कन इन्फन्ट्री, आणि ९८ वी फक्त इन्फन्ट्री. घोडदळाची वाट निराळी झाली. त्यातूनच डेक्कन हॉर्स घडली. तिच्या घोडेस्वारांनी जुलै १९१६ मध्ये फ्रान्समध्ये सोमच्या रणात धाव घेतली आणि सप्टेंबर १९६५ मध्ये याच रेजिमेंटचे रणगाडे असल उत्तरला लढले.

पहिल्या महायुद्धात ९८ वी इन्फन्ट्री नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या टांगा बंदरावर उतरली. युद्धानंतर १९२२ च्या पुनर्रचनेत या पलटणी एकत्र बांधून १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. त्याच सुमारास महायुद्धात उभी राहिलेली कुमाऊँ रायफल्सही तिला जोडली गेली. दख्खनमधली भरती आटत गेली आणि कुमाऊँनी, अहीर, जाट यांचे प्रमाण वाढले. हैदराबादचा माणूस जवळपास उरला नाही, नाव मात्र राहिले. २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तेही बदलले आणि रेजिमेंट कुमाऊँ झाली.

दुसऱ्या महायुद्धात चौथी पलटण मलायात स्लिम नदीच्या लढाईत सापडली आणि सिंगापूर पडल्यावर कैदेत गेली. आठवी पलटण ब्रह्मदेशात अराकानच्या किनाऱ्यावर कांगॉला लढली. तिचा कमांडर होता के. एस. थिमय्या. त्याच ब्रिगेडमध्ये पंजाब रेजिमेंटच्या एका पलटणीचे नेतृत्व आपल्या कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात करत होते. आणि थिमय्यांच्या पलटणीत एक तरुण अधिकारी होता, सोमनाथ शर्मा. ही आठवी पलटण युद्धानंतर चौथी कुमाऊँ झाली आणि जुन्या ९८ व्या इन्फन्ट्रीचा, पर्यायाने सलाबतखानाच्या अचलपूरच्या फौजेचा, वारसा तिच्याकडे आला. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगामला मेजर शर्मांच्या कंपनीने विमानतळाकडे येणारे पाकिस्तानी टोळीवाले थोपवून धरले. त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. त्या दिवशी त्यांना वीरमरण आले आणि देशातले पहिले परमवीर चक्र त्यांच्या नावे झाले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये रेझांग ला येथे तेराव्या कुमाऊँची मेजर शैतानसिंग यांची अहीर कंपनी जवळपास शेवटच्या माणसापर्यंत लढली. रेजिमेंटचे दुसरे परमवीर चक्र तिथले. रसेलची पहिली पलटण पुढे छत्रीधारी झाली आणि आज ती पॅराशूट रेजिमेंटची तिसरी पलटण आहे. सरसेनापती झालेले तीन अधिकारी याच वंशातले : कोल्हापुरात जन्मलेले एस. एम. श्रीनागेश, त्यांच्यानंतरचे थिमय्या आणि टी. एन. रैना.

काय ठेवायचे, काय उतरवायचे

स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. पलटणींच्या निशाणांवर असई होते, खडकी होते, कोरेगाव होते, नोव्हा आणि झाशीची मोहीम होती. ते पुसावे तर शिपायाच्या आजोबा-पणजोबांनी सांडलेले रक्त नाकारल्यासारखे होते. मिरवावे तर स्वतंत्र देशाचे सैन्य आपल्याच भूमीच्या पराभवाचा उत्सव करते असे होते. भारतीय सैन्याने विचारपूर्वक मार्ग काढला. हिंदुस्थान जिंकताना मिळालेले असे रणसन्मान इतिहासाच्या नोंदीत राहतील. पण ते निशाणावर मिरवले जाणार नाहीत आणि त्यांचे वार्षिक दिवस साजरे होणार नाहीत. त्यांच्या जागी बडगाम आणि रेझांग ला आले.

दुसरीकडे अमेरिकेकडे पाहा. तिथे रेजिमेंटची चिन्हे ठरवणारी स्वतंत्र सरकारी संस्थाच आहे आणि ती प्रत्येक रेखाटन लढलेल्या मोहिमेशी जोडते. त्यांच्या २७ व्या इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर रशियन शिकारी कुत्र्याचे तोंड आहे, कारण ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला सायबेरियात होती. तिथे चिन्ह शिपायाने काय केले ते सांगते. ब्रिटिश हिंदी सैन्यात अनेकदा चिन्ह फौज कोणी उभारली ते सांगत असे. म्हणून कुमाऊँच्या बिल्ल्यावर रेसिडेंटचा सिंह आला. हिंगोलीच्या छावणीत राहिलेल्या शिपायाची, त्याचा पगार भरणाऱ्या वऱ्हाडी कुणब्याची, नोव्ह्याला मेलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांची त्यावर खूण नाही.

मग रसेलचा सिंह ठेवला तरी कसा? माझ्या मते तो ठेवणेच योग्य झाले. बडगाम आणि रेझांग लाला ज्यांनी प्राण दिले त्यांच्या टोप्यांवर हाच सिंह होता. एखाद्या चिन्हाचा मालक तो प्रथम आखणारा नसतो. ते अंगावर घेऊन जे मरतात त्यांच्या नावावर ते होते. या न्यायाने तो सिंह रसेलच्या घराण्याचा राहिलेला नाही. पण त्याचा उगम सांगायची जबाबदारी आपली आहे, कारण राणीखेतमध्ये तो सांगताना रसेलचे नाव येते, हिंगोलीचे सहसा येत नाही.

ही जबाबदारी अवघड नाही. हिंगोलीच्या पलटण भागातल्या आणि परभणीच्या शाळांतल्या मुलांना सांगता येईल की पहिले परमवीर चक्र मिळवणाऱ्या पलटणीचे पूर्वज आपल्या आजूबाजूच्या छावण्यांत कवायत करत होते. त्याच दमात त्यांना नोव्ह्याचेही सांगावे. एकाच फौजेचा अभिमान आणि तिच्याच हातून झालेली आपली जखम, दोन्ही पेलण्याइतकी समज शाळकरी मुलांत असते. मोठ्यांनी एक बाजू लपवली तरच त्यांचा गोंधळ होतो.

पुढच्या लेखांकात महार रेजिमेंट. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. तो पुढे उतरला आणि त्याच्या जागी मशीनगन व खंजीर आले. तो स्तंभ का आला, का गेला आणि त्याविषयी आजही लोकांच्या मनात काय आहे, हे पुढच्या आठवड्यात पाहू.