घराची परवानगी आणि शेजाऱ्याचे म्हणणे : इंग्लंडमधील पद्धती

घर स्वतःच्या जागेत बांधले जाते. परंतु त्याची सावली शेजाऱ्याच्या अंगणात पडते. नवी भिंत उभी राहिली की शेजारच्या स्वयंपाकघरातील उजेड कमी होतो, नव्या खिडकीतून दुसऱ्याचे परसदार दिसू लागते. भिंत चढल्यानंतर अशा तक्रारी कोर्टकचेरीच्या वाटेने जातात आणि दोन्ही घरांचा पैसा व जिव्हाळा खर्ची पडतो. म्हणूनच शेजाऱ्याचे म्हणणे बांधकामापूर्वी ऐकून घेण्याची तरतूद इंग्लंडच्या कायद्याने केली आहे.

सूचनेची रीत

1947 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने तेथे बांधकामास पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. आज 1990 चा कायदा लागू आहे. घरमालकाने स्थानिक परिषदेकडे नकाशांसह अर्ज केल्यावर परिषद लगतच्या मालकांना वा रहिवाशांना पत्र पाठविते, किंवा जागेवर सूचनाफलक लावते. हरकत नोंदविण्यास 21 दिवसांची मुदत असते. नकाशे कोणासही पाहता येतात. सर्वसाधारणपणे 8 आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो.

कोणती हरकत ग्राह्य?

प्रत्येक हरकत विचारात घेतली जात नाही. उजेड अडणे, घरातील खाजगीपणा भंगणे, वाहने उभी करण्याची अडचण, परिसराशी विसंगत अशी उंची, हे मुद्दे ग्राह्य मानले जातात. आपल्या घराची किंमत घटेल, खिडकीतून दिसणारा देखावा जाईल किंवा अर्जदाराशी जुने वैर आहे, ही कारणे चालत नाहीत. हद्दीचा वादही परिषद सोडवीत नाही. हरकतींची संख्या निर्णायक नसते. नियोजनाच्या दृष्टीने सबळ असे एकच पत्र पन्नास सह्यांच्या निवेदनाहून वजनदार ठरू शकते.

या व्यवस्थेची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. परवानगी नाकारली गेल्यास अर्जदारास अपील करता येते. परवानगी दिली गेल्यास शेजाऱ्यास मात्र अपिलाचा अधिकार नाही. निर्णय कायद्यास धरून नाही, एवढ्याच मुद्द्यावर तो उच्च न्यायालयात जाऊ शकतो. त्यामुळे 21 दिवसांच्या मुदतीत नेमके म्हणणे मांडणे हीच त्याची खरी संधी होय.

सामायिक भिंत

नियोजनाची परवानगी मिळाली म्हणजे सर्व काही मिळाले असे नाही. दोन घरांमधील सामायिक भिंतीस हात लावावयाचा असल्यास 1996 च्या स्वतंत्र कायद्यानुसार बांधणाऱ्याने स्वतः शेजाऱ्यास 2 महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. शेजाऱ्याच्या इमारतीपासून 3 मीटरच्या आत तिच्या पायाहून खोल खोदाई करावयाची असल्यास ही मुदत 1 महिन्याची आहे. अशा नोटिशीस शेजाऱ्याने 14 दिवसांत लेखी संमती दिली नाही, तर वाद निर्माण झाला असे कायदा मानतो आणि तज्ज्ञ सर्वेक्षक कामाची रीत व नुकसानभरपाई ठरवितो. येथील भेद बोधक आहे. परिषदेच्या पत्रापुढे शेजाऱ्याचे मौन म्हणजे हरकत नसणे; सामायिक भिंतीच्या बाबतीत मात्र मौन ही संमती नव्हे.

महाराष्ट्राशी संबंध

उजेडाच्या हक्काचा धागा आपल्या कायद्यापर्यंत येतो. इंग्लंडमध्ये 1832 च्या कायद्याने, तर भारतात 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमाने, 20 वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेडास हक्काचे स्वरूप दिले. भारतीय कायद्यात त्यासाठी उपभोग शांततेने व सुविधाधिकार म्हणून झालेला असावा लागतो. असा हक्क केवळ बांधकाम परवानगीने नष्ट होत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये विकास योजनेच्या प्रारूपावर हरकती व सूचना मागविल्या जातात, हे येथील अधिकारी व लोकप्रतिनिधींस परिचित आहेच. इंग्लंडने तेच तत्त्व एकेका घरापर्यंत नेले आहे. घर बांधू इच्छिणाऱ्याने पाया खणण्यापूर्वी नकाशा शेजाऱ्यापुढे ठेवण्यास मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. सरपंच, ग्रामसेवक वा शिक्षक यांनी अशा वेळी दोन्ही घरांना एकत्र बसविले, तर कागदावरची खिडकी हातभर सरकविणे सोपे असते. बांधलेली भिंत पाडणे दोघांनाही महाग पडते.