पट्टा, दगड आणि चाक

सलूनच्या खुर्चीच्या हाताला किंवा आरशाखालच्या खिळ्याला एक चामड्याचा पट्टा अडकवलेला असायचा. वापरून वापरून मधोमध काळा आणि तुकतुकीत झालेला. गालावर साबणाचा फेस मुरत असताना कारागीर डाव्या हातानं पट्टा ताणून धरी आणि वस्तरा त्यावर वर-खाली ओढी. खुर्चीतल्या माणसाला हा सगळा थाट वाटे. खरं तर वस्तऱ्याची धार टिकायची ती याच दोन मिनिटांच्या कामावर. दगड कधीमधी निघे, पट्टा मात्र दर दाढीला.

धार लावणं आणि धार राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या स्वयंपाकघरांना त्यातलं पहिलंच ठाऊक आहे, आणि म्हणून आपल्या सुऱ्या लवकर मरतात.

दगड पोलाद खातो, ते त्याचं कामच आहे. पात्याच्या दोन्ही बाजू घासल्या जाऊन जिथे मिळतात, ती रेघ म्हणजे धार. एका बाजूनं पुरेसं घासलं की पलीकडच्या बाजूला पोलादाची अतिशय पातळ कड उलटते. वर्कशॉपात तिला बर म्हणतात. बोटाचं पेर पात्याच्या पाठीकडून धारेकडे हलकेच सरकवलं की ती खरखरीत लागते, आणि ती पात्याच्या संपूर्ण लांबीवर लागली तरच त्या बाजूचं घासणं पुरं झालं असं समजायचं. बहुतेक घरगुती धारा इथेच फसतात. बर कुठे आली, कुठे नाही, हे न बघताच माणसं पातं उलटतात, आणि शेवटी राहिलेली बर काढतच नाहीत. अशी सुरी पहिल्या दिवशी झकास कापते. दोन दिवसांत बर मोडते किंवा दुमडते आणि सुरी पुन्हा बोथट.

ती शेवटची लव काढायची, कललेली धार सरळ करायची, दगडाचे बारीक ओरखडे पुसायचे, हे पट्ट्याचं काम. कोरडं चामडं पोलाद जवळजवळ खात नाही. पातं त्यावर पाठ पुढे आणि धार मागे अशा दिशेनं ओढतात. उलटं ओढलं तर चामडं चिरतं. टोकाशी पोचल्यावर वस्तरा पाठीवर उलटवायचा, धारेवर कधीच नाही. पट्टा ताणलेला हवा, कारण सैल पट्टा धारेभोवती वळतो आणि तिला गोल करतो. दाबही नको. नवशिका ओळखू येतो तो जोरावरून. मुरलेल्या हाताचा आवाज एकसारखा, हलका येतो. काही पट्ट्यांना एका अंगाला जाड कापड असतं. आधी कापडावर, मग चामड्यावर, असा तो क्रम.

वस्तऱ्याची घडण यासाठीच केलेली असते. त्याची पाठ जाड आणि पोट आतून खोलगट. दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, त्यामुळे कोन आपोआप ठरतो. दोन्ही बाजू मिळून साधारण सोळा-सतरा अंशांचा. वर्षानुवर्षं घासून धार मागे सरकते तशी पाठही झिजते, म्हणून कोन फारसा बिघडत नाही. हजामतीच्या हत्यारात इतकी अक्कल ओतलेली पाहिली की मला नेहमी वाटतं, सुरी करणाऱ्यांनी आपल्याला बऱ्यापैकी वाऱ्यावर सोडलं आहे. सुरीला कोन धरायचा तो आपल्या मनगटानंच, एका बाजूला पंधरा ते वीस अंश.

आता प्रश्न असा की पोलाद बोथट होतंच का? केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असतो. तरीही दाढी करून करून पातं जातं. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी 2020 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचा उलगडा केला. जियानलुका रोशोली या विद्यार्थ्यानं स्वतःची दाढी करून पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि नंतर केस कापण्याची क्रियाच त्या यंत्रात घडवून पाहिली. धार नुसती झिजून गोल होत नव्हती, तिचे बारीक टवके उडत होते. केस कापला जाताना वाकतो. तो धारेवर तिरका आला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण असमान असली, तर एवढासा केसही टवका पाडतो. एक टवका पडला की शेजारी पुढचे पडतात.

स्वयंपाकघरात चित्र जरा वेगळं असतं. सुरीचं पोलाद बहुधा वस्तऱ्याहून मऊ, आणि ती आदळते लाकडी पाटावर, कधी स्टीलच्या ताटात. तिची धार तुटण्याआधी एका अंगाला कलते. अशी कललेली धार पट्ट्यावर सरळ होते. टवका उडालेली होत नाही. मटणाच्या दुकानात दोन सुरे एकमेकांवर सरासर घासताना दिसतात, तेही ही कललेली धार उभी करणंच आहे. काम चालू असताना दर थोड्या वेळानं दोन-चार हात मारायचे आणि पुढे कापायला लागायचं.

सलूनमधला पट्टा मात्र गेला. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 साली मद्रासमध्ये झाली, आणि त्यानंतरच्या वर्षांत एकाच वस्तऱ्यानं दहा दाढ्या ही गोष्ट गिऱ्हाइकालाच नकोशी झाली. ते योग्यच झालं. आता कारागीर कागदासकट ब्लेड मधोमध वाकवतो, टक् आवाज येतो, अर्धं पातं दांडीत बसतं आणि दाढी झाली की फेकलं जातं. धोपटीत वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, आरसा यांच्या जोडीला जी पथरी आणि चामड्याचा तुकडा असे, त्यांची गरजच उरली नाही. तरुण कारागिरांपैकी कित्येकांनी उभ्या आयुष्यात वस्तरा पट्ट्यावर ओढलेला नाही, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलेलंही नाही.

ही विद्या टिकून आहे ती सुताराकडे आणि चांभाराकडे. पटाशी तेलाच्या दगडावर घासून झाली की जुना सुतार ती तळहातावर दोन-तीनदा मागच्या दिशेनं फिरवतो. तळहात म्हणजे फुकटचा पट्टाच. चामडं पातळ करायची रापी तर दिवसभरात कितीदा दगडाला लागते आणि चामड्यावरून फिरते, याला गणती नाही. कोल्हापुरी चपलेच्या कडा तासायच्या तर बोथट रापी चालतच नाही, ती चामडं ओरबाडते.

उरला सायकलवरचा धारवाला. त्याची हाळी ऐकली की अनेकांना बालपण वगैरे आठवतं, पण सुरीच्या बाजूनं बोलायचं तर हा माणूस जपून बोलवावा. सायकल स्टँडवर चढवून पेडल मारलं की हँडलजवळचं चाक गरगरतं, ठिणग्या उडतात, पाच मिनिटांत सुरी कागद कापते. अशी चाकं बनतात ती कृत्रिम कणांची. त्यातलं कार्बोरंडम एडवर्ड अ‍ॅचिसन या अमेरिकी माणसाला 1891 साली कृत्रिम हिरा करण्याच्या खटपटीत सापडलं. आपल्याकडे 1954 साली मद्रासमध्ये त्याच नावाची कंपनी उभी राहिली. हे कण पोलाद झरझर खातात. पातळ धारेजवळ उष्णता साठते, आणि साध्या पोलादाच्या पात्यावर निळसर झाक आली की समजावं, तिथे तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि पोलादाचं पाणी उतरलं. तेवढी जागा मऊ पडते आणि पुन्हा पुन्हा बोथट होते. चांगला धारवाला पातं चाकावर थांबू देत नाही, दर खेपेला पाण्यात बुडवतो आणि शेवटी हातातल्या बारीक दगडानं बर काढतो. असे आहेत. घाईवाले जास्त आहेत. त्यांच्या हातून दोन-तीन वर्षं गेलेली सुरी मुठीजवळ रुंद आणि पुढे अरुंद झालेली दिसते.

घरी करायचं ते अवघड नाही. जुना चामड्याचा कमरपट्टा, रेक्झिनचा नव्हे, लाकडी फळीवर खडबडीत बाजू वर करून चिकटवावा. त्यावर हिरव्या पॉलिशची कांडी घासावी. तो हिरवा रंग क्रोमियम ऑक्साइडचा, आणि त्याचे अतिबारीक कण पोलाद किंचितसं खातात, त्यामुळे कोरड्या चामड्यापेक्षा काम लवकर होतं. स्वयंपाक संपल्यावर सुरी धुऊन पुसून दोन्ही बाजूंनी दहा-दहा हात. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाचं बिनचकाकीचं कडंही चालतं. ते पोलादाहून कठीण असतं.

विळीचं मात्र वेगळं. तिचं पातं वळणदार, सपाट फळीवर ते सगळीकडे टेकत नाही. चामड्याची पट्टी लाटण्यासारख्या गोल दांडक्यावर गुंडाळून, तीच पात्यावरून पाठीकडून धारेकडे फिरवावी. पाट पायाखाली घट्ट, बोटं धारेच्या रेषेच्या मागे, आणि खोबऱ्याच्या किसणीवर फडकं बांधलेलं. धार नीट आहे का हे पाहायचं तर तिच्यावर प्रकाशाचा ठिपका चमकतो का ते बघावं. धारदार रेघ प्रकाश परतवत नाही, चमकते ती बोथट किंवा टवका पडलेली जागा. पट्ट्यानं तो ठिपका गेला नाही, तर दगड काढायचा.