पवईचे ग्रीक खांब

मुंबईत ग्रीक खांब म्हटलं की लोक फोर्टातल्या टाउन हॉलकडे बोट दाखवतात. १८३३ साली पुरी झालेली ती इमारत, तिचे डोरिक खांब आणि दम काढणाऱ्या पायऱ्या यांवर इतकं लिहून झालंय की इथे पुन्हा नको. उपनगरवाल्यांनी कांजूरमार्गला उतरावं आणि रिक्षावाल्याला ‘हिरानंदानी’ एवढंच सांगावं.

ऐंशीच्या दशकापर्यंत पवईत इथे टेकड्या आणि दगडखाणी होत्या. मग वास्तुकार हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांच्या आराखड्यांतून ही वसाहत उभी राहिली. उंच टॉवर, त्यांच्या पायाशी नि माथ्याशी खांब, कमानी, त्रिकोणी शिखरं. कमानी खरं तर रोमन, पण फुटपाथवर ती चिकित्सा कोण करतो! इमारतींची नावंही ओडिसी, ऑलिम्पिया. सरकारशी झालेल्या १९८६च्या करारात ४० आणि ८० चौरस मीटरच्या लहान घरांची अट होती. २०१२ साली उच्च न्यायालयाला तिची आठवण करून द्यावी लागली. अथेन्सचा हा थाट बहुतेक उपनगराच्या खिशाबाहेरच राहिला.

यातल्या बहुतेक खांबांवर भार नाही. तो आतल्या आरसीसीवर. खांब नुसते शोभेचे. वास्तुकलेची मंडळी यावर नाकं मुरडतात. मला तेवढा राग येत नाही. पार्थेनॉनच्या खांबांवरच्या पट्टीत उभ्या खाचांच्या ज्या चौकटी आहेत, त्या जुन्या लाकडी देवळांतल्या तुळयांच्या टोकांची संगमरवरी नक्कल मानल्या जातात. म्हणजे सोंग मुळातच होतं. आपल्याकडची गंमत तर उलटी. कार्ल्याच्या चैत्यातल्या काही खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, दानलेख आहेत, पण खांब अस्सल देशी: खाली घडा, वर हत्ती आणि स्वार. बोरिवलीच्या कान्हेरीचा मोठा चैत्य त्याच धर्तीवरचा. तेव्हा यवनांनी पैसे दिले आणि खांब आपला घेतला. आता पैसे आपले, खांब त्यांचा.

तो खांब आज बनतो कसा, हे पाहायला घाटकोपरच्या असल्फ्यात एका गाळ्यात गेलो. कारागीर मूळचे पेणचे, हात गणपतीवर बसलेला. आता लग्नाच्या मंडपांसाठी फायबरचे खांब करतात. साच्याला मेण, त्यावर जेलकोट, मग काचेची मॅट आणि ब्रशने रेझिन. त्या वासाने माझं डोकं धरलं; काका मात्र निवांत चहा पीत होते.

खांब दोन अर्धुकांत निघतो, नट-बोल्टने जुळतो. पन्हळी जोडाजवळ उथळ का, असं विचारलं तर म्हणाले, “खोल केली तर साच्यात अडकते, साहेब. ओढलं की कडा जाते.” ग्रीकांच्या डोरिक खांबाला सहसा वीस पन्हळी, इथे सोळा.

कोरिंथियन माथ्याची त्यांना धास्ती. पानांची टोकं बाहेर वळलेली, म्हणून त्याला रबराचा साचा लागतो. त्यांना मी रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसने सांगितलेली गोष्ट ऐकवली: कोरिंथमधली एक मुलगी वारली, दाईने तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत घालून थडग्यावर ठेवल्या, वर कौल झाकलं, खालून अकँथसची पानं उगवून टोपलीभोवती वळली, आणि ती पाहून शिल्पकार कॅलिमॅकसने हा माथा घडवला. काका ब्रश थांबवून ऐकत होते. “लग्नाच्या मंडपात हे सांगू नका,” एवढंच म्हणाले.

पवईतल्या सिमेंटच्या नक्षीचं मात्र त्यांना वाईट वाटतं. पावसाळ्यांनी रंग पोपडे धरतो, सांध्यात पिंपळ डोकं काढतो, आणि दुरुस्तीला येणारा गवंडी पान पुन्हा कोरत नाही, सिमेंटचा गोळा थापून मोकळा होतो. नीट करायचं तर मूळ पानाचा साचा हवा; तो जपून कोण ठेवतो?

सध्या त्यांच्याकडे मुलुंडच्या एका हॉलचं काम आहे: आठ खांब, वर त्रिकोणी शिखर, शिखरात गणपती. खांब साच्यातून निघतील. गणपती ते शाडूत हाताने घडवून मगच त्याचा साचा घेणार आहेत, आणि तुळशीच्या लग्नाआधी सगळं द्यायचंय.