दादाला हवा कांचघरचा भाव

मागच्या दिवाळीत न्यू जर्सीहून आत्येभावाचा व्हिडिओ कॉल आला. फराळाची चौकशी झाली, आजीला नमस्कार झाला आणि मग दादा मुद्द्यावर आला. "अगं, तुझ्या पत्त्यावर, तुझ्या यूपीआयवरून माझं यूट्यूब प्रीमियम घे ना. पैसे लगेच पाठवतो."

असा फोन कदाचित तुमच्याकडेही आला असेल. कारण साधं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भाव वाढला, तरी भारतात एका माणसाचं प्रीमियम महिन्याला १४९ रुपये झालं. अमेरिकेत तेव्हा ते १३.९९ डॉलर होतं, म्हणजे जवळजवळ पावणेबाराशे रुपये! तेच व्हिडिओ, तेच ॲप. इतकी वर्षं आपण परदेशातून येणाऱ्यांना लॅपटॉप, आयफोन आणायला सांगायचो. आता स्वस्त बाजार म्हणजे आपलं कांचघर.

खरं सांगते, आधी मला यात काही वावगं वाटलं नाही. कंपन्या तरी कुठे सरळ वागतात? ऑस्ट्रेलियात तर अमेरिकेपेक्षा सॉफ्टवेअर इतकं महाग होतं, की तिथल्या 'चॉइस' या ग्राहक संस्थेने गणितच मांडलं. मायक्रोसॉफ्टच्या एका महागड्या सॉफ्टवेअरसाठी माणूस विमानाने अमेरिकेत पाठवून परत आणला, तरी ते स्वस्त पडत होतं. प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेलं. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, ॲडोबीला जाब विचारला गेला आणि जुलै २०१३ मध्ये अहवाल आला. त्या ग्राहकांच्या बाजूने मी आजही आहे. श्रीमंत देश म्हणून जास्त उकळणं, याला काय म्हणायचं?

पण दादाची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडचा भाव कमी आहे, तो आपल्या खिशाकडे बघून. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातला ४९९ रुपयांचा बेसिक प्लॅन १९९ वर आणला, तो काही प्रेमापोटी नाही. इथे ग्राहक मिळवायचे होते म्हणून. बाहेरचे लोक त्या भावात घुसले तर काय होऊ शकतं, ते तुर्कस्तान आणि अर्जेंटिनाकडे बघा. तिथे स्टीमवर व्हिडिओ गेम खूप स्वस्त मिळायचे. व्हीपीएन, म्हणजे आपण कुठे आहोत ते लपवणारं ॲप, वापरून जगभरातले लोक तिथले 'रहिवासी' होऊ लागले. २०२१ मध्ये स्टीमने तीन महिन्यांतून एकदाच देश बदलता येईल असा नियम केला. मग २० नोव्हेंबर २०२३ पासून दोन्ही देशांत डॉलरमध्ये भाव सुरू झाले. कंपनीने कारण दिलं ते चलनाच्या चढउताराचं. पण बाहेरून घुसणाऱ्यांची सोयही तिथेच संपली, आणि महाग पडलं ते तिथल्या पोरांना.

यूट्यूबनेही २०२४ मध्ये खोटा देश दाखवून घेतलेली प्रीमियम बंद करायला सुरुवात केली. आणि खातं कोणाचं, पैसे कोणाच्या बँकेतून, असा घोळ झाला तर निस्तरणार कोण? मीच ना!

म्हणून दादाला नाही म्हटलं. आई म्हणाली, "घरचाच मुलगा गं, दीडशे रुपयांसाठी काय नाही म्हणायचं?" आत्या चार दिवस फोनवर तुटक बोलली.

तुमच्या घरातली मुलं उलटं करत असतील, म्हणजे बाहेरच्या साइटवरून स्वस्त गेम, स्वस्त की घेत असतील, तर एकदा बँकेचं स्टेटमेंट बघा. परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लागला की स्वस्ताई बरीच उतरते. नुसती पत्रं आणि हिशेब लिहायचे असतील, तर लिबरऑफिस फुकट आहे, मराठीही नीट चालतं. कॉलेजात असाल तर विद्यार्थ्यांचा भाव आधी विचारा, तो बऱ्याच ठिकाणी असतो.

दादाने शेवटी वहिनीबरोबर तिथलाच फॅमिली प्लॅन घेतला. आता तो माझ्याकडून चकलीची भाजणी मागवतो. कुरिअर भाजणीपेक्षा महाग पडतं, पण त्यावर तो अजून काही बोललेला नाही.